दिवसा कोड, रात्री जोक!

ऑफिसातली नोकरी सांभाळून कॉर्पोरेट इव्हेंटमध्ये स्टँड-अप करणारी तरुणाई पुण्यात दिसू लागली आहे. हा जोडधंदा बाहेरून वाटतो तितका सोपा आहे का?

हिंजवडीहून निघालेल्या कॅबमध्ये मागच्या सीटवर कोणी स्वतःशीच पुटपुटताना दिसला, तर घाबरू नका. तो माझा मावसभाऊ असू शकतो. दिवसा एका आयटी कंपनीत टेस्टिंगचं काम, संध्याकाळी दुसऱ्याच कुठल्यातरी कंपनीच्या कार्यक्रमात स्टँड-अप. परवा मीही त्याच्यासोबत गेले होते. वाकडच्या ट्रॅफिकमध्ये त्याने वीस मिनिटांचा सेट तीनदा म्हणून काढला. एवढा वेळ मिळतो, म्हणून तो ट्रॅफिकवर चिडत नाही म्हणे!

"ओपन माईकला आलेला माणूस हसायला आलेला असतो. इथे आलेला माणूस जेवायला आलेला असतो," दादाने आधीच सांगून ठेवलं होतं.

हसवा, पण जपून

आदल्या दिवशीच व्हॉट्सअॅपवर सूचना आल्या होत्या. राजकारण नको, धर्म-जात नको, शिव्या नकोत, कोणाच्या दिसण्यावर काही नको. आणि मोठ्या साहेबांवर तर अजिबात नको. शो आठला होता. पण बक्षिसं, भाषणं, केक असं सगळं होऊन दादाच्या हातात माईक आला साडेनऊला. हॉलमध्ये गोल टेबलं, निम्म्या लोकांची पाठ स्टेजकडे आणि मधूनमधून फिरणारा पनीर टिक्का.

पहिली पाच मिनिटं कोणी ऐकतच नव्हतं. मग 'क्विक कॉल'चा जोक आला, पार्किंगचा आला, खुर्च्या वळू लागल्या. आता रंगणार असं वाटत असतानाच दादाने त्याचा हुकमी जोक काढला. "अप्रेझल म्हणजे पंगतीतली जिलेबी. वाढपी लांबून येताना दिसतो, आपल्या पानापर्यंत पोहोचेस्तोवर ताट रिकामं!"

शांतता. एकही माणूस हसला नाही. दादाने सावरून घेतलं, पुणेरी पाट्यांवर आला आणि शेवट गोड झाला. टाळ्याही मिळाल्या. पण नंतर जेवताना कळलं, त्याच आठवड्यात तिथल्या एका टीममधल्या काही जणांना कामावरून कमी केलं होतं.

परतताना दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझ्या ऑफिसात असं झालं असतं, तर मी तरी हसलो असतो का?" आता शो घेताना मानधनाच्या आधी तो एक प्रश्न विचारणार आहे, 'गेल्या महिन्यात तुमच्याकडे काय काय झालंय?'

पुण्याला हे नवीन नाही

नोकरी करून लोकांना हसवणं हा आयटीवाल्यांचा शोध आहे असं समजू नका. साठच्या दशकापासून व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी कथाकथनाने महाराष्ट्र गाजवला. तिघंही पुण्यात नोकरी करणारे! माडगूळकर आकाशवाणीच्या पुणे केंद्रात, पाटील पाठ्यपुस्तक मंडळात आणि मिरासदार गरवारे महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक. पुढे तिघंही साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. माडगूळकर १९८३ मध्ये, पाटील १९८५ मध्ये आणि मिरासदार १९९८ मध्ये.

तिकडे मुंबईत व. पु. काळे महापालिकेत आर्किटेक्ट होते आणि कथाकथनाचे कार्यक्रमही जोरात करत होते. अगदी अलीकडचं उदाहरण म्हणजे अतुल खत्री. स्वतःची कॉम्प्युटर कंपनी चालवत असताना, चाळिशी उलटल्यावर ते स्टँड-अपकडे वळले. आणि 'भाडिपा'मुळे मराठी स्टँड-अप आपल्या मोबाइलवर आलं, हे तर तुम्हाला माहीतच आहे.

बॉसला सांगायचं का?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०२२ मध्ये 'मूनलायटिंग'वरून किती गदारोळ झाला होता, आठवतंय? प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम केल्यावरून विप्रोने ३०० जणांना काढलं. इन्फोसिसने आधी कर्मचाऱ्यांना तंबी दिली. नंतर मात्र कामात हितसंबंध आड येत नसतील, तर परवानगी घेऊन बाहेरची छोटी कामं करता येतील, असं सांगितलं. जोक सांगणं म्हणजे प्रतिस्पर्ध्याचं काम नव्हे, हे खरं. पण नेमणूकपत्रातली अट वाचल्याशिवाय आपण ठरवायचं नाही. दादाने रीतसर मेल टाकून परवानगी घेतली आहे. त्याचा तोटा एकच, आता प्रत्येक टीम लंचला 'ए, एक जोक सांग ना' सुरू होतं.

मग नोकरी सोडायची का?

मी विचारलंच. दादाने दोन महिन्यांपूर्वीचा किस्सा सांगितला. एका आयोजकाने कर्मचाऱ्यांची यादीच पाठवली होती, यांची खेचा म्हणून. त्यात एका मुलीच्या नावापुढे तिच्या वजनाबद्दल लिहिलं होतं. दादाने नकार दिला, शो गेला. "घराचा हप्ता पगारातून जातो, म्हणून नाही म्हणता आलं. शोवरच घर चालत असतं, तर नाही म्हणालो असतो का, खरंच सांगता येत नाही," तो म्हणाला.

दमतो तो. रिलीजमुळे हातातला शो सोडावा लागतो, तेव्हा चिडतोही. मावशी तर अजून नातेवाइकांना 'तो सूत्रसंचालन करतो' असंच सांगते.

आम्ही घरी पोहोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. बूटही न काढता दादाने लॅपटॉप उघडला. परदेशातल्या क्लायंटचा 'क्विक कॉल' होता. सव्वा तास चालला. मध्येच स्वतःला म्यूट करून त्याने वही ओढली आणि काहीतरी लिहून घेतलं.

तुम्हालाही स्टेजवर जायचंय?

- सुरुवात ओपन माईकने करा. पाच मिनिटं नीट जमली, की मग वीसचा विचार.
- नेमणूकपत्र वाचा, परवानगी लेखी घ्या. ऑफिसातली गोपनीय माहिती जोकमध्येही नको.
- शोची वेळ, माईक, मानधन आणि ते कधी मिळणार, हे आधी मेलवर ठरवा. टीडीएस कापला जातो. रिटर्न भरताना हे उत्पन्न दाखवायला विसरू नका.
- समोर कोण बसलंय आणि त्यांचा महिना कसा गेलाय, हे विचारल्याशिवाय माईक हातात घेऊ नका.