नऊ ते पाचची कुळकथा

डॉली पार्टन या अमेरिकन गायिकेची नखं लांबलचक, ॲक्रिलिकची. १९८० साली ‘नाइन टू फाइव’ या सिनेमाचं चित्रीकरण चालू असताना दोन शॉट्सच्या मधल्या रिकामपणात ती नखं एकमेकांवर घासायची. त्यातून निघणारा टकटकाट थेट टाइपरायटरसारखा लागायचा. त्याच तालावर तिने सिनेमाचं शीर्षकगीत बांधलं, ध्वनिमुद्रणातही नखं वाजवली आणि श्रेयनामावलीत वादक म्हणून त्या नखांची नोंद झाली. फेब्रुवारी १९८१मध्ये हे गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. टायपिस्ट बायकांच्या बोटांचा आवाज असा अख्ख्या देशाच्या रेडिओवर पोहोचला.

‘नाइन टू फाइव’ हा शब्दप्रयोग मात्र गाण्याच्या आधीपासून चलनात होता. शब्दशः पाहिलं तर ती नुसती वेळ आहे. पण इंग्रजी बोलणारा माणूस ‘माझं नाइन टू फाइव आहे’ म्हणतो तेव्हा तो घड्याळाबद्दल बोलत नसतो. महिन्याच्या महिन्याला पगार, ठरलेली खुर्ची, डोक्यावर साहेब, शनिवार-रविवार सुट्टी आणि निवृत्तीपर्यंत फारसा न बदलणारा दिवस, हे सगळं त्या तीन शब्दांत येतं. असा माणूस ‘नाइन-टू-फायव्हर’. एखादा चित्रकार किंवा वादक ‘मी नाइन-टू-फाइवमधला नव्हे’ असं सांगतो तेव्हा त्यात थोडा तोरा असतो. उलट तीन ठिकाणी तुकड्यातुकड्याने राबणारी बाई ‘एक साधंसं नाइन टू फाइव मिळालं असतं तर’ म्हणते तेव्हा त्याच शब्दांत हेवा असतो. एकाला कोंडवाडा वाटणारी गोष्ट दुसरीला आसरा वाटावी, हे या शब्दप्रयोगाचं वैशिष्ट्य, आणि त्याचं कारण त्याच्या इतिहासात आहे.

आधी साधा हिशेब करू. नऊ ते पाच म्हणजे आठ तास. पण त्यात जेवणाची सुट्टी धरली तरच आठ. तासभराची सुट्टी वजा केली, तर काम सातच तासांचं. म्हणजे हे वेळापत्रक कारखान्याचं असूच शकत नाही. यंत्रापाशी उभा राहणारा कामगार इंग्लंडात काय, अमेरिकेत काय, सकाळी सहा-सातलाच हजर असायचा आणि जेवणाच्या वेळेचे पैसे त्याला क्वचितच मिळायचे. नऊला येणारी माणसं म्हणजे कारकून, हिशेबनीस, लघुलेखक. नऊ ते पाच हा जन्मापासूनच टेबलाचा आणि दौतीचा वेळ.

कारकुनांचा दिवस त्याआधी याहूनही सुटसुटीत असे. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत दहा ते चार ही सर्रास वेळ होती, आणि बँकांच्या लवकर मिटणाऱ्या दारांवरून ‘बँकर्स अवर्स’ हा टोमणाच तयार झाला. चार्ल्स लॅम्ब हा निबंधकार ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या कचेरीत १७९२पासून १८२५पर्यंत कारकून होता. आपल्याकडची नीळ, कापूस, मसाला त्याच्या खतावण्यांतून गेला. उशिरा येण्याबद्दल साहेबाने हटकलं तेव्हा ‘पण मी जातो किती लवकर ते पाहा’ असं उत्तर त्याने दिल्याची दंतकथा आहे. खरी असो-नसो, कचेरीतल्या वेळेशी कारकुनाचं जे नातं असतं ते तिच्यात नेमकं उतरलं आहे. गंमत म्हणजे तेहतीस वर्षं खर्डेघाशीला वैतागलेल्या याच लॅम्बने निवृत्त झाल्यावर सुरुवातीला मोकळा वेळ झेपेनासा झाला, हे सांगणारा निबंध लिहिला.

आठ तासांची मागणी मात्र कारकुनांची नव्हे, घाम गाळणाऱ्यांची. रॉबर्ट ओवेन या गिरणीमालकानेच १८१७च्या सुमारास दिवसाचे तीन सारखे भाग करायची भाषा सुरू केली: आठ तास काम, आठ तास स्वतःचे, आठ तास झोप. १८४०मध्ये न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमध्ये सॅम्युअल पार्नेल या सुताराने आठ तासांच्या वर काम करणार नाही, या अटीवरच काम घेतलं. सुतार मिळणं मुश्कील होतं, म्हणून गिऱ्हाइकाला ऐकावं लागलं. १८५६मध्ये मेलबर्नच्या पाथरवटांनी हत्यारं खाली ठेवून तेच मिळवलं. १ मे १८८६चा अमेरिकेतला संप आणि त्यानंतर शिकागोत सांडलेलं रक्त आपल्याकडे कामगार दिनाच्या भाषणांतून घरोघरी माहीत आहे. १९१४मध्ये हेन्री फोर्डने आठ तास आणि दिवसाला पाच डॉलर जाहीर केले, १९२६मध्ये पाच दिवसांचा आठवडा आणला. त्यामागे भूतदया नव्हती. वर्षभर टिकत नसलेले कामगार टिकवायचे होते, आणि सुट्टी मिळाली तरच लोक मोटारी घेऊन फिरणार, हा सरळ व्यवहार होता. अमेरिकेत १९३८च्या कायद्याने आठवड्याची मर्यादा ४४ तासांवर आणली, १९४०पासून ती ४० झाली. आठ पंचे चाळीस. कायद्याचा हा आकडा आणि कचेरीची जुनी सवय एकत्र आली, तेव्हा ‘नाइन टू फाइव’ हे सगळ्या मध्यमवर्गाचं वेळापत्रक बनलं.

वेळ मोजणारं यंत्रही याच काळातलं. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावच्या विलार्ड बंडी या जवाहिऱ्याने १८८८च्या सुमारास कामगाराच्या येण्या-जाण्याची वेळ कागदावर ठोकणारं घड्याळ बनवलं. तो धंदा पुढे ज्या कंपनीत विलीन झाला, तिचंच १९२४मध्ये आयबीएम असं नामकरण झालं. हजेरीचं घड्याळ आणि संगणक यांचं कूळ असं एक आहे. बायोमेट्रिकवर अंगठा उठला नाही म्हणून लेटमार्क खाणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

याच सुमारास मुंबईत काय चाललं होतं, ते पाहिलं की नऊ ते पाच ही केवढी चैन होती ते कळतं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या वतीने जो अर्ज गेला, त्यात कामाचा दिवस सकाळी साडेसहा ते सूर्यास्त असावा, अशी मागणी होती. मागणी, बरं का. म्हणजे उन्हाळ्यात बारा तासांहून अधिक काम, हीच सवलत मागावी लागत होती. शिवाय दुपारी अर्धा तास विसावा, रविवारी सुट्टी, आणि पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. यातला रविवार मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि दिवस आखडण्याऐवजी लांबला. १९०५च्या सुमारास चौदा-पंधरा तास यंत्रं चालत होती, कारण मावळणाऱ्या सूर्याचा तेवढा आडोसाही दिव्यांनी काढून घेतला. १९१९मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने पहिलाच करार केला तो आठ तासांचा दिवस आणि ४८ तासांचा आठवडा यांचा. त्यात हिंदुस्थानसाठी खास वेगळं कलम होतं: आपल्याला ६० तास. ते १९३४च्या कायद्याने ५४ झाले, आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या काळातल्या हालचालींनंतर १९४६च्या दुरुस्तीने ४८. फोर्ट भागातल्या कचेऱ्यांतले बाबू त्या वेळी दहा-साडेदहाला खुर्चीवर बसत होते. भोंग्यावर उठणारी मुंबई आणि लोकलच्या वेळेवर उठणारी मुंबई अशी दोन शहरं एकाच बेटावर नांदत होती. आपल्याकडे सुखाच्या नोकरीला ‘दहा ते पाच’ म्हणायची रूढी पडली, ती यातल्या दुसऱ्या मुंबईची.

पुन्हा अमेरिकेकडे वळू, कारण या शब्दांना धार आली ती तिथे, आणि ती आणली बायकांनी. केरन नुसबॉम ही तरुणी हार्वर्ड विद्यापीठात टायपिस्ट होती. एके दिवशी ती टेबलाशी बसलेली असताना एक विद्यार्थी दारात आला, त्याने सरळ तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, इथे कोणी नाही का? हा किस्सा तिने नंतर अनेकदा सांगितला. तिने आणि तिथल्याच एलन कॅसेडीने इतर कारकून बायकांना जमवून डिसेंबर १९७२मध्ये बॉस्टनच्या ऑफिसांतल्या बायकांसाठी एक वार्तापत्र काढलं, त्याचं नाव ‘नाइन टू फाइव’. पुढच्या वर्षी त्याच नावाची संघटना उभी राहिली. त्यांच्या हक्कांच्या सनदेत पगारवाढ आणि बढती होतीच. पण साहेबांची खासगी पत्रं टाइप करणं, त्यांना कॉफी देणं, त्यांच्यासाठी डबा आणायला धावणं हे करायचं की नाही, ते आमचं आम्ही ठरवू, हेही एक कलम होतं. मला या सनदेतलं हेच कलम सगळ्यांत मोलाचं वाटतं. तासांबद्दल त्यांचं फारसं भांडण नव्हतंच. त्या आठ तासांत आपल्याला माणूस म्हणून मोजलं जातं की लाकडी सामान म्हणून, हा वाद होता.

अभिनेत्री जेन फोंडा ही नुसबॉमची व्हिएतनाम युद्धविरोधी चळवळीतली मैत्रीण. सिनेमाच्या तयारीसाठी ती क्लीव्हलँडला चाळीसेक सेक्रेटरी बायकांना भेटली. तिथे प्रश्न विचारला गेला, साहेबाचा काटा काढायचं कधी मनात आलंय का? उत्तरं इतकी भरभरून आली, की सिनेमात तिन्ही नायिकांच्या साहेबाला संपवायच्या स्वप्नरंजनांचे प्रसंगच घातले गेले. सिनेमा त्या वर्षी सर्वाधिक कमाई करणाऱ्यांत होता. हसण्याच्या भरात एक गोष्ट निसटते. साहेबाला कोंडून ठेवल्यावर या तिघी ऑफिसात काय बदलतात? येण्या-जाण्याची लवचीक वेळ, एका जागेवर दोघींनी अर्धा-अर्धा दिवस, ऑफिसातच पाळणाघर, समान कामाला समान पगार. म्हणजे ज्या सिनेमाने ‘नाइन टू फाइव’ हे नाव जगभर नेलं, त्याचा खरा आग्रह नऊ आणि पाच हे दोन्ही खांब सैल करावेत, असा होता.

योगायोग असा, की १९८०मध्येच ब्रिटनमध्ये शीना ईस्टन या गायिकेचं याच नावाचं दुसरं गाणं गाजलं. अमेरिकेत गोंधळ नको म्हणून ते ‘मॉर्निंग ट्रेन’ या नावाने आलं. त्यात गाणारीचा जोडीदार सकाळच्या गाडीने कामाला जातो आणि ती दिवसभर त्याची वाट पाहते. एकीच्या गाण्यात बाई टाइपरायटरपाशी, दुसरीच्या गाण्यात दारापाशी. दोन्ही गाणी १९८१मध्ये काही महिन्यांच्या अंतराने अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचली.

आज हिंजवडी किंवा ऐरोलीतल्या आयटी कचेऱ्यांत ‘नाइन टू फाइव’ जपलं जातं, पण ते न्यूयॉर्कचं. तिथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे थंडीच्या महिन्यांत संध्याकाळचे साडेसात, उन्हाळ्यात साडेसहा. तिकडच्या पाचला इकडे पहाटेचे साडेतीन किंवा अडीच. वर्षातून दोनदा अमेरिकेतली घड्याळं पुढे-मागे होतात आणि त्या दिवसापासून पुण्यातल्या शेकडो घरांतलं रात्रीचं जेवण तासाभराने सरकतं. ज्याला तिकडे कंटाळवाणा साचा म्हणतात, ती इथे रातपाळी असते. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना काम द्यायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था लागते. कॅबच्या नोंदवहीत कोण आधी उतरणार, याचा काटेकोर क्रम लावणाऱ्यांना या कलमाची चांगलीच ओळख असते.

सरकारी कचेऱ्यांनी आपला साचा २०२०मध्ये बदलला. २९ फेब्रुवारीपासून राज्य शासनात पाच दिवसांचा आठवडा आला आणि वेळ झाली पावणेदहा ते सव्वासहा. सवय लागेपर्यंत टाळेबंदी आली आणि घरच ऑफिस झालं. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आला, तसा पाचचा ठोका ऐकू येईनासा झाला.

डॉली पार्टनने २०२१मध्ये स्वतःचंच गाणं उलटं करून ‘फाइव टू नाइन’ म्हणून एका जाहिरातीत गायलं. अमेरिकेतल्या सुपर बोल सामन्याच्या वेळी ती दाखवली गेली. ऑफिस सुटल्यावर पाच ते नऊ आपला स्वतःचा धंदा उभारा, असा तिचा सूर. तिकडे अनेकांनी नाक मुरडलं, आणि ते रास्तच होतं. ओवेनने जे आठ तास माणसाचे स्वतःचे म्हणून मागितले होते, तेही उद्योजकतेच्या नावाखाली कामालाच लावायचे, आणि तेही टायपिस्ट बायकांचं दुःख सांगणाऱ्या गाण्याच्या चालीवर. तिच्या मूळ अल्बमचं नावही ‘नाइन टू फाइव अँड ऑड जॉब्ज’, म्हणजे ठरलेली नोकरी आणि फुटकळ कामं, असंच होतं. चाळीस वर्षांत फुटकळ कामांची बाजू वरचढ झाली, इतकंच.

चीनमध्ये ‘९९६’ नावाचा आकडा चालतो: सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस. ऑगस्ट २०२१मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३मध्ये उद्योगपती नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं, जानेवारी २०२५मध्ये दुसऱ्या एका बड्या कंपनीच्या प्रमुखांनी ९० तासांची भाषा केली, आणि त्यावरचे विनोद आठवडाभर व्हॉट्सॲपवर फिरले. विनोद फिरून विरले, आणि सप्टेंबर २०२५मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतला कामाचा दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत आणि दुकाने-आस्थापनांतला ९वरून १० तासांपर्यंत नेण्याला मंजुरी दिली. जादा कामाला कामगाराची संमती आणि दुप्पट दराने मोबदला या अटी त्यात आहेत. पण संमती मागणारा साहेब आणि ती देणारा कंत्राटी कामगार यांच्यात नाही म्हणायची ताकद कोणाकडे असते, हे लोखंडेंच्या परळात जितकं स्पष्ट होतं तितकंच आजही आहे.

घरातल्या कोणाच्या हाती नेमणूकपत्र पडणार असेल, तर एक विनंती. पगाराच्या आकड्याआधी कामाच्या तासांचं कलम वाचा. सुरू होण्याची वेळ तिथे लिहिलेली असतेच. संपण्याची लिहिलेली नसेल, तर सही करण्याआधी विचारा.