चालण्याच्या हक्काचा माळ

मँचेस्टर आणि शेफील्ड ही इंग्लंडमधील दोन जुनी औद्योगिक शहरे. एक कापडाचे, दुसरे पोलादाचे. या दोहोंच्या बेचक्यात एक उंच, जवळजवळ वृक्षहीन आणि बाराही महिने वाऱ्याने झोडपला जाणारा माळ पसरलेला आहे. अशा माळाला तिकडे ‘मूर’ म्हणतात. पीक डिस्ट्रिक्ट नावाच्या राष्ट्रीय उद्यानाचा हा उत्तरेकडील, काळसर दगडांचा भाग. उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे १,४३७ चौरस किलोमीटर आहे. राष्ट्रीय उद्यान म्हटले की फाटक, तिकीट आणि जीपगाडी डोळ्यांपुढे येते. येथे यांपैकी काहीच नाही. उद्यानात गावे आहेत, शेते आहेत, मेंढरे आहेत, आणि बहुतेक जमीन खाजगी मालकीची आहे. तरीही या उंच माळावर कोणीही पायी फिरू शकतो. ही साधी वाटणारी गोष्ट काही तरुणांनी तुरुंगवास पत्करून मागितली होती. मोकळी हवा आणि पायी चालणे यांचे मोल ज्यांना उतारवयात अधिकच कळते, अशा आपल्या वाचकांना ती हकिकत ठाऊक असावी, म्हणून हा लेख.

या माळाचा सर्वांत उंच भाग म्हणजे किंडर स्काउट, उंची ६३६ मीटर. आपल्याकडील डोंगरांच्या मानाने ही उंची काहीच नव्हे. पण किंडरला शिखर असे नाहीच. वर पोहोचल्यावर लागते ते विस्तीर्ण पठार, ओलसर, काळे आणि घळींनी चिरलेले. पश्चिमेच्या कड्यावरून एक धबधबा कोसळतो, आणि वारा समोरून जोरात आला की त्याचे पाणी खाली न पडता उलटे वर उडते. धुके उतरले की चार पावलांवरचा माणूस दिसत नाही, आणि चांगले माहीतगारही वाट चुकतात.

पायाखाली असते ते ‘पीट’. थंड, साचलेल्या पाण्यात वनस्पती पूर्णपणे कुजत नाहीत. त्यांचे थरावर थर साचत जातात. ही वाढ इतकी संथ की एका वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. म्हणजे पुरुषभर खोलीच्या थरामागे दीड-दोन हजार वर्षे उभी असतात. हा थर घडवणारी मुख्य वनस्पती म्हणजे स्फॅग्नम नावाचे शेवाळ. स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसपटीपर्यंत पाणी ते धरून ठेवते. त्याचा हा गुण आरोग्याच्या इतिहासातही नोंदला गेला आहे. पहिल्या महायुद्धात कापसाची टंचाई झाली, तेव्हा ब्रिटनमधील अनेक मूरांवरून स्वयंसेवकांनी हे शेवाळ गोळा केले, निवडले, वाळवले, आणि त्याच्या घड्या सैनिकांच्या जखमांवर बांधल्या गेल्या. ते रक्त व पू शोषून घेई आणि त्याच्या आम्लधर्मामुळे जंतूंची वाढही रोखली जाई.

ऑगस्टमध्ये हा रूक्ष माळ हेदरच्या फुलांनी जांभळा होतो. वसंतात कर्ल्यू हा लांब, बाकदार चोचीचा पक्षी घरट्यासाठी वर येतो. त्याची चढत जाणारी लांबट शीळ एकदा ऐकली की विसरत नाही. येथला डोंगरी ससा तर इंग्लंडच्या मुख्य भूमीवर अन्यत्र कोठेच आढळत नाही. १९ व्या शतकात तो स्कॉटलंडहून शिकारीसाठी आणून सोडला गेला आणि टिकला. हिवाळ्यात त्याची लोकर पांढरी होते. पूर्वी बर्फात तो लपून जाई. आता बर्फ कमी दिवस टिकतो आणि तपकिरी माळावर हा पांढरा ससा लांबूनच नजरेस येतो. ऋतूने शब्द फिरवला, पण सशाच्या अंगाला ते अजून कळलेले नाही.

कड्यांच्या पायथ्याशी गवतात शेकडो गोल दगड पडलेले दिसतात. ती जात्याची पेडे आहेत, पाणचक्कीत बसतील एवढी मोठी. येथला खरखरीत वालुकाश्म दळणासाठी नावाजलेला होता. पण त्यावर दळलेले पीठ करडे दिसे. लोकांना पांढऱ्याशुभ्र पावाची आवड लागली, परदेशी दगड आणि पुढे पोलादी रूळ आले, आणि घडवून तयार असलेली जाती जागच्या जागी पडून राहिली. (पांढऱ्या पिठाच्या मोहाने पोटाचे काय झाले, हे या पाक्षिकाच्या वाचकांना निराळे सांगायला नको.) जात्याचा हाच दगड आज उद्यानाचे बोधचिन्ह आहे आणि त्याच्या सीमेवर जागोजागी उभा केलेला आहे.

आता मूळ हकिकतीकडे वळू. १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात येथली सामायिक गायराने कायद्याने बंदिस्त होऊन जमीनदारांकडे गेली. त्यांना हा माळ हवा होता तो ग्राउझ नावाच्या तित्तिरकुळातील पक्ष्याच्या शिकारीसाठी. ही शिकार वर्षातून मोजके दिवस चाले. पण राखणदार वर्षभर माणसांना हाकलून लावीत. इकडे मँचेस्टरच्या परिसरात गिरण्यांचा धूर कोंडलेला होता. त्या गिरण्यांत आपल्या वऱ्हाड-खानदेशचा कापूसही पिंजला जात होता, विशेषतः १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवीच्या काळात. आठवडाभर त्या धुरात राबणाऱ्या माणसाला रविवारी एवढेच हवे असे, की आगगाडीने तासाभरावर जावे आणि छाती भरून श्वास घ्यावा. माळ डोळ्यांसमोर दिसत होता. त्यावर पाऊल ठेवायची मात्र मनाई होती.

२४ एप्रिल १९३२, रविवार. हेफील्ड गावाजवळच्या एका जुन्या खाणीत काहीशे तरुण जमले. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन अवघा २० वर्षांचा होता. लांबी-रुंदीने लहानखुरा, व्यवसायाने यंत्रकारागीर. दगडावर उभे राहून त्याने छोटे भाषण केले आणि सारे गाणी म्हणत किंडरच्या दिशेने निघाले. चढावर राखणदार काठ्या घेऊन उभे होते. झटापट झाली, एक राखणदार जखमी झाला. पण ही माणसे वर पोहोचली, दुसऱ्या बाजूने आलेल्या मंडळींना भेटली आणि आली तशी खाली उतरली. गावात पोलीस वाट पाहत होते.

सहा जणांना पकडण्यात आले. जुलैमध्ये डर्बीच्या न्यायालयात खटला उभा राहिला तो विनापरवाना चालल्याबद्दल नव्हे, कारण तेवढ्यासाठी तुरुंगात टाकता येत नव्हते. आरोप होते दंगलीचे आणि मारहाणीचे. ज्यूरीत जमीनदार आणि लष्करी अधिकारी यांचा भरणा होता. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. रॉथमनला चार महिने. विशेष हे, की पदभ्रमण करणाऱ्यांच्या प्रस्थापित संघटनांना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. मालकांशी गोडीगुलाबीने चाललेली बोलणी यामुळे फिसकटतील, असे त्यांना वाटे. पण शिक्षांची कठोरता पाहून लोकमत पालटले, आणि त्याच उन्हाळ्यात विनॅट्स खिंडीतील सभेला सुमारे १०,००० लोक आले.

एका रविवारच्या चढाईने कायदा बदलला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यामागे कित्येक वर्षांची अर्ज-विनंत्यांची चिकाटी होती आणि महायुद्धानंतर बदललेले वारेही होते. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला. १७ एप्रिल १९५१ रोजी पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. १९६५ मध्ये किंडरच्या पायथ्याच्या ईडेल गावातून स्कॉटलंडच्या सीमेकडे जाणारी पेनाइन वे ही दीर्घ पायवाट खुली झाली. तरीही उघड्या माळावर मनमोकळे फिरण्याचा सर्वसाधारण हक्क यायला २००० सालचा कायदा उजाडावा लागला. रॉथमन तेव्हा ८९ वर्षांचा होता. जानेवारी २००२ मध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी, तो वारला. तीनच महिन्यांनी त्या चढाईचा ७० वा वर्धापनदिन होता. समारंभाला ८२ वर्षांचे डेव्हनशरचे ड्यूक उपस्थित राहिले. १९३२ मध्ये किंडरची जमीन त्यांच्या आजोबांच्या मालकीची होती. आजोबांच्या काळी घडलेल्या अन्यायाबद्दल नातवाने, स्वतः वृद्धापकाळी, जाहीर क्षमा मागितली. ती ऐकायला रॉथमन असायला हवा होता, असे राहून राहून वाटते.

माळाला मात्र त्या धुराने केलेली इजा कायद्याने भरून येणार नव्हती. दीडशे-दोनशे वर्षे शहरांच्या धुराड्यांतून निघालेले आम्ल पावसातून येथे उतरत राहिले आणि स्फॅग्नम शेवाळ जवळजवळ नाहीसे झाले. पांघरूण गेल्यावर पीट उघडे पडले, वाऱ्या-पावसाने वाहून जाऊ लागले. त्यात साठलेला हजारो वर्षांचा कार्बन हवेत मिसळू लागला आणि धरणांचे पाणी तपकिरी होऊ लागले. कोरडे पीट जळतेही. जून २०१८ मध्ये उद्यानाच्या वायव्येकडील सॅडलवर्थ मूरला लागलेली आग विझवायला लष्कर बोलवावे लागले. एके काळी शहराचा धूर माळावर आला होता. या वेळी माळाचा धूर शहराकडे गेला, आणि दमेकऱ्यांना दारे-खिडक्या लावून बसावे लागले.

२००३ पासून येथे दुरुस्तीचे मोठे काम चालू आहे. हेलिकॉप्टरने चुना, बी आणि दगड वर नेतात. घळींत लहान लहान बांध घालून पाणी अडवतात. आणि ओल धरली की हाताने शेवाळाची रोपे लावतात. जेथे नुसती काळी जमीन होती तेथे आता हिरवळ दिसू लागली आहे. हाडाच्या जखमेप्रमाणे ही जखमही सावकाश भरते.

मुला-मुलींकडे इंग्लंडला काही महिने राहायला जाणारी आपली ज्येष्ठ मंडळी पुष्कळ. त्यांनी किंडर चढावा, असे मी सुचवणार नाही. पण माळ पाहायला चढावेच लागते असे नाही. मँचेस्टर ते शेफील्ड ही आगगाडी ईडेल खोऱ्यातूनच जाते. खिडकीशी बसूनही अर्धा माळ दिसतो. दक्षिणेकडे, उद्यानाच्या चुनखडीच्या भागात, मॉन्सल ट्रेल आहे. १९६८ साली बंद पडलेल्या लोहमार्गाची ही सुमारे १३.७ किलोमीटरची सपाट पायवाट. तिच्यावरचे बोगदे २०११ मध्ये खुले झाले आणि चाकांची खुर्ची बऱ्याच अंतरापर्यंत सहज जाते. कुंपणावरच्या पायऱ्या आणि अरुंद फाटके नसलेल्या अशा अनेक वाटांची यादी उद्यानाने मुद्दाम तयार केली आहे. उद्यानाच्या काही सायकल-केंद्रांवर खडबडीत वाटेवर चालणारी बॅटरीची गाडीही भाड्याने मिळते. आधी दूरध्वनी करून विचारावे. लेडीबॉवर जलाशयाचा काठही सोयीचा आहे. १९४५ मध्ये खुल्या झालेल्या या धरणाच्या पाण्याखाली दोन गावे गेली. फार कोरडा उन्हाळा आला की त्यांच्यापैकी एकाचे दगड वर दिसतात.

सोबत्यांनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. खाली ऊन असले तरी वर वारा बोचरा असतो, आणि उतारवयात शरीराची ऊब घटल्याचे त्या व्यक्तीला स्वतःला लवकर जाणवत नाही. बोलणे अडखळू लागले किंवा हालचाल मंदावली तर लगेच आडोसा, कोरडे कपडे आणि गरम पेय द्यावे, व सुधारणा दिसली नाही तर मदत बोलवावी. एका जाड कोटापेक्षा दोन-तीन पातळ लोकरी थर बरे. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी टाळू नये. मधुमेह्यांनी खाऊ आणि गोळ्या जवळच ठेवाव्यात, गाडीत नव्हे. नेच्याच्या झुडपांत गोचीड असते. परतल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेशी पाहावे, आणि पुढील काही आठवड्यांत त्वचेवर पसरत जाणारे लाल वर्तुळ दिसले तर डॉक्टरांना जरूर दाखवावे. मोबाइलला तेथे सर्वत्र संपर्क मिळत नाही, म्हणून कोणत्या वाटेने जाणार आणि केव्हा परतणार हे घरी सांगून निघावे. आणि प्रवासविमा घेताना जुने आजार लपवू नयेत.

कर्ल्यू ऐकायचा असेल तर एप्रिल ते जून, हेदर पाहायचे असेल तर ऑगस्टचा उत्तरार्ध. हेफील्डजवळच्या त्या खाणीत आता गाड्या उभ्या करण्याची जागा आहे, आणि तिच्या भिंतीवर १९३२ च्या चढाईची आठवण सांगणारा फलक लावलेला आहे. तेथपर्यंत चढ लागत नाही.