पोर विद्यापीठात गेले, म्हणजे कुठे गेले?

"मना पोऱ्या इद्यापीठात शिकतो," असे आता खेड्याखेड्यांत ऐकू येते. पण भाऊ, विद्यापीठ म्हणजे काय, असे विचारले तर उत्तर येते, "मोठे कॉलेज." हे अर्धेच खरे आहे.

अमळनेर, चोपडा, शिरपूर, शहादा येथे कॉलेजे आहेत. बहुतेक मुले तेथेच शिकतात. त्या मुलांना काय शिकवायचे ते ठरवणे, परीक्षा घेणे आणि पास झाल्यावर पदवी देणे, हे काम विद्यापीठाचे. पदवीच्या पुढचे शिक्षण विद्यापीठाच्या आवारातही मिळते.

पूर्वी खानदेशातली कॉलेजे पुणे विद्यापीठाकडे होती. पदवीच्या कागदात काही अडचण निघाली, तर रात्रभर प्रवास करून पुणे गाठावे लागे. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघाले. त्याची जागा गिरणेच्या काठी, बांभोरीजवळ. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. म्हणून आज त्याच्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबार असे तीन जिल्हे आहेत.

२०१८ साली या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरी यांचे नाव दिले. बहिणाबाई असोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात काम करताना, जात्यावर दळताना त्या गाणी रचत. घरच्यांनी ती लिहून ठेवली. १९५२ साली त्यांचे पुस्तक निघाले. ते पाहायला बहिणाबाई नव्हत्या. आदल्याच वर्षी त्या वारल्या.

आता मुलांचे पाहू. लांबची मुले वसतिगृहात राहतात, नाहीतर तिघे-चौघे मिळून खोली घेतात. गरिबांच्या मुलांना सरकारी शिष्यवृत्ती आहे. तिचे पैसे बँकेच्या खात्यात येतात, पण बहुधा उशिरा येतात. तोवर खानावळीचे पैसे कोठून द्यायचे, ही मोठी काळजी. काही मुले 'कमवा आणि शिका' या योजनेत नाव घालतात. रोज थोडा वेळ ग्रंथालयात, कचेरीत किंवा बागेत काम करायचे आणि त्याचा मोबदला घ्यायचा. त्यात कमीपणा काहीच नाही.

भाषेचा त्रास वेगळाच. घरी अहिराणी, सातपुड्यात पावरी नाहीतर भिलोरी. वर्गात पुस्तकी मराठी, आणि शास्त्राची पुस्तके इंग्रजीत. पहिले काही महिने हुशार मुलगाही गप्प बसतो. घरी आला की म्हणतो, "मला नाही जमत." अशा वेळी त्याला लगेच शेतावर ठेवून घेऊ नये. सहा महिने जाऊ द्यावेत. माझ्या शाळेतून गेलेल्या पुष्कळ मुलांचे असेच झाले. पुढे त्यांना ते जमले.

खरी ओढाताण होते ती कापसाच्या वेळी. कॉलेजात वर्षातून दोनदा परीक्षा असते. पहिली दिवाळीच्या मागेपुढे येते, आणि कपाशीची वेचणीही तेव्हाच. मजूर मिळत नाहीत, बोंडे फुटलेली असतात. बाप निरोप धाडतो, "आठ दिवस ये." पोर येते. परीक्षा बुडते. तो विषय मागे राहतो आणि पुन्हा फी भरून द्यावा लागतो. वर्गातली हजेरी कमी पडली, तर परीक्षेला बसायलाच अडचण येते. शिष्यवृत्तीही अडू शकते. आठ दिवसांची मजुरी वाचते खरी, पण कधी कधी वर्ष जाते. म्हणून दसऱ्यालाच मुलाला परीक्षेची तारीख विचारावी आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. वेचणीला सुट्टीत बोलवावे.

मुलींचे शिक्षण मात्र पैशापेक्षा भीतीने जास्त अडते. "परक्या गावी पोरगी कशी ठेवावी?" हा प्रश्न खोटा नाही. पण मुलींचे वसतिगृह वेगळे असते. तेथे देखरेखीला बाई असतात. आईबापांनी एकदा स्वतः जावे, खोली पाहावी, बाईंशी बोलावे, त्यांचा फोन नंबर लिहून घ्यावा. जाताना भाकरी आणि ठेचा बांधून न्यावा. खानावळीचे जेवण आठ दिवसांत नकोसे होते, असे सगळीच पोरे सांगतात.