अर्जुनाची मूर्ती आणि मैदानाची माती

राष्ट्रीय क्रीडा पुरस्कारांचा सोहळा दूरदर्शनवर दाखविला जातो, तेव्हा आमच्या घरची सारी मंडळी दिवाणखान्यात गोळा होतात. राष्ट्रपतिभवनात एकेक नाव पुकारले जाते, खेळाडू पुढे येतो, गौरवाच्या दोन-चार ओळी वाचल्या जातात आणि राष्ट्रपतींच्या हातून अर्जुनाची लहानशी मूर्ती स्वीकारून तो आपल्या जागी परततो. अवघ्या मिनिटभराचा हा प्रसंग. पण त्यामागे उभ्या तारुण्याची तपश्चर्या असते.

अशाच एका सोहळ्याच्या वेळी घरातील धाकट्या नातीने विचारले, "आजोबा, आपल्या खो-खोला हे बक्षीस कधी मिळालेच नाही का हो?" क्रिकेटचे विचारले असते, तर आमच्या बडोद्याचे यष्टिरक्षक किरण मोरे यांचा १९९३ सालचा अर्जुन पुरस्कार आम्ही तत्काळ सांगितला असता. परंतु जो खेळ पोर रोज संध्याकाळी मातीत खेळून येते, त्यातले एकही नाव आमच्या ओठांवर येईना. आम्ही खजील झालो आणि जुनी माहिती धुंडाळू लागलो.

अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. खो-खोचा पहिला मान १९७० साली सुधीर परब यांना मिळाला, आणि पुढच्याच वर्षी अचला देवरे यांना. दोघेही गुजरातचे! ज्या प्रांताला आपण 'परमुलूख' म्हणत आलो, त्यानेच आपल्या मराठमोळ्या खेळाला हा पहिला बहुमान मिळवून दिला. यात नवल मानण्याचे कारण नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाला नियमांची शिस्त लावली, तशीच बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानेही विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात देशी मैदानी खेळांचे नियम प्रसिद्ध करून सामने भरविले. नऊ गडी, दोन खांब आणि मोकळी जमीन, एवढ्याच भांडवलावर हा खेळ वाढला.

पुढे मात्र मोठा खंड पडला. १९९८ सालच्या शोभा नारायण यांच्या पुरस्कारानंतर खो-खोपटूचे नाव त्या सोहळ्यात पुन्हा ऐकू येण्यास २०२० साल उजाडावे लागले. या पुरस्कारासाठी आंतरराष्ट्रीय कामगिरीला मोठे वजन असते, आणि आपल्या मैदानी खेळाला परदेशी प्रतिस्पर्धीच थोडे. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धांत खो-खोचा समावेश झाला, भारताने विजय मिळविला आणि त्या महिला संघाची कर्णधार, उस्मानाबादची (आताच्या धाराशिवची) सारिका काळे, चार वर्षांनी अर्जुन पुरस्काराची मानकरी ठरली. त्या वर्षी महामारीमुळे सोहळा दूरसंवादाने पार पडला. पुढे जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी विजेतेपद पटकाविले. त्यांचे कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे.

हे सारे नातीला सांगितले, तेव्हा तिने दुसरा प्रश्न टाकला, "मग हे तुम्ही आधी का नाही सांगितलेत?" त्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. दूरदर्शनच्या पडद्यावर जे दिसते ते आपण लक्षात ठेवतो. आपल्या मैदानावर जे घडले ते विसरतो. आपल्या पिढीबरोबर ही नावे पुसली गेली, तर आपला खेळ कधी कोणी वाखाणलाच नाही, असेच मुले समजतील, आणि ज्याला मान नाही त्या खेळासाठी घाम कोण गाळील?

म्हणून वाचकहो, पुढच्या सोहळ्याच्या वेळी मुलांना जवळ बसवून ही दोन-चार नावे अवश्य सांगा. आणि दुसऱ्या दिवशी ती संध्याकाळी गुडघे मातीने माखून घरी आली, तर रागावू नका.