अभिजितच्याही पलीकडे पोस्टकार्डे

आपले साधे पोस्टकार्ड 14 सेंटिमीटर लांब असते आणि 50 पैशांना मिळते. हे दोन आकडे मनात पक्के धरून ठेवा, कारण आज याच पोस्टकार्डांनी आपल्याला दोन भाषा मोजायच्या आहेत. एक, युरोपच्या मधोमध बोलली जाणारी चेक. दुसरी, दक्षिण चीन, व्हिएतनाम, लाओस आणि थायलंडच्या डोंगरांतली ह्माँग. प्राग ते लाओसची राजधानी व्हिएन्तियान हे सरळ रेषेतले अंतर सुमारे 8,350 किलोमीटर. मुंबई-पुण्याचा 192 किलोमीटरचा लोहमार्ग एकापुढे एक 43 वेळा अंथरा, तरी थोडा कमीच पडेल! आणि या दोन भाषांच्या स्वभावातले अंतर तर याहूनही लांब.

बोलणारी माणसे तशी थोडी. चेक प्रजासत्ताकाची लोकसंख्या एक कोटीच्या जरा वर. 2011 च्या जनगणनेत एकट्या मुंबई शहरात 1 कोटी 24 लाख माणसे होती, म्हणजे आपले एक शहर त्या अख्ख्या देशाला भारी! ह्माँग लोक व्हिएतनाममध्ये 2019 च्या जनगणनेनुसार जवळजवळ 14 लाख, लाओसमध्ये सुमारे 6 लाख, अमेरिकेत 3 लाखांच्या वर, आणि चीनच्या डोंगरांतले आणखी निराळे. मराठी ही 8 कोटी 30 लाख लोकांची मातृभाषा आहे. तिच्यापुढे ही दोन्ही कुटुंबे लहानच. पण लहान कुटुंबाच्या घरात केवढ्या खोल्या असू शकतात, ते आता बघा.

आधी चेकचे घर. तिथे विभक्ती सात आणि वचने दोन. म्हणजे एका नामाला 14 खोल्या. चेक मुलेही आपल्या प्रथमा-द्वितीयेसारखी विभक्तींना क्रमांकाने हाक मारतात, पहिली, दुसरी, थेट सातवीपर्यंत. शिवाय नामे चालवण्याचे नमुने शाळेत शिकवतात तेही 14! सहा पुल्लिंगी, चार स्त्रीलिंगी, चार नपुंसकलिंगी. चौदा चोक... नव्हे, चौदा चौदे एकशे शहाण्णव! एवढ्या जागा डोक्यात बसल्या की मूल नाम चालवायला मोकळे.

आता कोश उघडू. 1935 ते 1957 या काळात चेक भाषेचा एक महाकोश खंडाखंडाने निघाला. पाने दहा हजारांहून जास्त, शब्द सुमारे अडीच लाख. त्यातली फक्त एक लाख नामे धरू. प्रत्येकाच्या 14 जागा म्हणजे झाल्या 14 लाख. प्रत्येक जागेसाठी एक पोस्टकार्ड घ्या आणि सीएसएमटीपासून रुळांच्या कडेने एकाला एक लावत चला. दादर गेले, ठाणे गेले, कल्याण गेले, कर्जत गेले, घाट चढून लोणावळा गेले. पुणे स्टेशन आले तरी हातात कार्डे उरलीच आहेत! 14 लाख गुणिले 14 सेंटिमीटर, बरोबर 196 किलोमीटर. पुन्हा तोच 196! पोस्टात मोजायचे सात लाख रुपये, आणि ही तर नुसती नामे.

विशेषणांकडे वळलो तर खरी धमाल आहे. चेक विशेषण नामाच्या मागे सावलीसारखे फिरते. विभक्ती सात, वचने दोन, लिंगे तीन. पण पुल्लिंगात सजीव वेगळा आणि निर्जीव वेगळा, म्हणून लिंगे चार धरायची. सात दुणे चौदा, चौदा चोक छप्पन्न. मग तरुण, अधिक तरुण आणि सर्वांत तरुण अशा तीन पायऱ्या, म्हणजे 168. त्यात नकाराचा उपसर्ग शब्दालाच चिकटतो, म्हणून दुप्पट, 336. एका विशेषणाला 336 जागा! पुष्कळ जागांत एकच रूप पुन्हा येते हे खरे, पण बोलणाऱ्याला योग्य खोलीत शिरावे तर लागतेच. दहा हजार विशेषणे घेतली तर कार्डे झाली 33 लाख 60 हजार. ती मुंबईहून पुण्याला जातील, पुण्याहून मुंबईला परततील आणि पुन्हा निघून नेरळच्या आसपास पोहोचतील.

उच्चाराची तर आणखी गंमत. चेकमध्ये पाव मूठ या अर्थाचा एक शब्द आहे. त्यात नऊ अक्षरे आहेत आणि नऊच्या नऊ व्यंजने. रोमन लिपीत बघणाऱ्याची छाती दडपते. पण आपण देवनागरीत लिहू: च्त्वृत्हृस्त. आपल्या पूर्वजांनी ऋ स्वरांत बसवला होता. चेक माणूस तेच काम रोज जिभेने करतो. त्यांच्या दुसऱ्या मोठ्या शहराचे नावही बृनो! आणि त्यांच्या प्रसिद्ध जीभवळणीत तर चांदीचे 333 पंप चांदीच्या 333 छपरांवर पाणी उडवतात, र आणि झ एकाच वेळी म्हणायच्या त्या खास चेक वर्णाची तोफ डागत.

आता डोंगर चढू. ह्माँगमध्ये, इथे मी पांढऱ्या ह्माँग बोलीचे आकडे घेतो, विभक्ती किती? शून्य. नामाचे लिंग? नाही. वचनाचा प्रत्यय? नाही. क्रियापदाला काळ? तोही नाही. एका शब्दाचे एकच रूप, जन्मभर. ज्या एक लाख नामांनी चेकमध्ये पुणे ओलांडले, तेवढे शब्द ह्माँगमध्ये घेतले तर कार्डांची रांग 14 किलोमीटर, शीवच्या पुढे आणि कुर्ल्याच्या अलीकडे संपली. हे घर एकाच खोलीचे दिसते.

पण त्या खोलीला उंची किती आहे! ह्माँगमध्ये प्रत्येक अक्षर, म्हणजे एका झटक्यात निघणारा उच्चार, सात सुरांपैकी एका सुरात निघतो. उंच, उंचावरून कोसळणारा, वर चढणारा, मधला, खालचा, श्वास मिसळलेला, घशात करकरून तुटणारा. आपला साधा पो घ्या, अगदी पोपटातला पो. उंच सुरात म्हटला तर चेंडू. कोसळता म्हटला तर स्त्री. चढता म्हटला तर फेकणे. मधल्या सुरात पोटातली प्लीहा. खालच्या सुरात काटा. श्वास सोडत म्हटला तर वडिलांची आई. घशात तोडला तर पाहणे. ओठ तेच, जीभ तीच, आणि एका पो मध्ये सात शब्द!

हे लिहायचे कसे? 1951 ते 1953 या काळात लाओसमध्ये मिशनऱ्यांनी रोमन लिपीची एक जोडणी बसवली. ह्माँग अक्षर व्यंजनावर थांबत नाही, म्हणून शेवटची रोमन अक्षरे मोकळीच होती. ती त्यांनी सुरांना देऊन टाकली. त्यामुळे ह्माँग हे नाव ते लोक एच, एम, ओ, ओ, बी असे लिहितात. शेवटचा बी म्हणजे फक्त उंच सूर, आणि दोन ओ म्हणजे नाकातला स्वर. मला मात्र 1959 सालची गोष्ट याहून थोर वाटते. शोंग लू यांग या शेतकऱ्याला लिहिता-वाचता येत नव्हते, आणि त्याने आपल्या भाषेसाठी आख्खी लिपी घडवली! पहौ ह्माँग तिचे नाव. 1971 साली त्याचा खून झाला, तोवर तो ती सुधारतच होता. या लिपीत स्वर आधी लिहितात आणि व्यंजन नंतर, बोलताना मात्र उलटे. आपली पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी काढतात ना, तसे. फरक एवढाच की तिथे प्रत्येक स्वराची हीच रीत. 2014 साली ही लिपी युनिकोडमध्ये दाखल झाली.

1975 नंतर लाओसमधल्या युद्धाच्या झळीने हजारो ह्माँग कुटुंबे मेकाँग नदी ओलांडून थायलंडच्या छावण्यांत आली. पुढे त्यांतली कितीतरी अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या सेंट पॉलला पोहोचली. व्हिएन्तियानपासून सुमारे 12,800 किलोमीटर, मुंबई-पुणे 67 वेळा. एवढे अंतर कापूनही सातही सूर सोबत गेले.

आता शेवटचा हिशोब मांडू. ह्माँगमध्ये अक्षराच्या सुरुवातीला येणारी व्यंजने पन्नासच्या वर, पण आपण 50 च धरू. पुढे येणारे स्वर 13. सूर सात. पन्नास गुणिले तेरा गुणिले सात, 4,550. या सगळ्या जागा, म्हणजे आसने. सगळ्याच आसनांवर शब्द बसलेले नाहीत, पण डबा केवढा आहे ते तर बघू. 4,550 म्हणजे ऐन गर्दीच्या वेळची एक भरगच्च लोकल, जिच्यात प्रत्येक प्रवासी वेगळे अक्षर! त्यांची कार्डे लावली तर 637 मीटर. एवढेच? थांबा.

दोन अक्षरे जोडा. 4,550 गुणिले 4,550, दोन कोटी सात लाख. तशाच 4,550 भरलेल्या लोकल लागतील. मुंबईत रोज तीन हजारांच्या वर फेऱ्या धावतात, म्हणजे दीड दिवसाच्या सगळ्या लोकल फक्त यासाठी. कार्डांची रांग 2,898 किलोमीटर, मुंबई-पुणे 15 वेळा.

तीन अक्षरे जोडा. 9,419 कोटी! पृथ्वीवरच्या माणसांच्या जवळजवळ बारा पट. रोज तीन हजार फेऱ्या धरल्या, तर मुंबईच्या सगळ्या लोकल जवळपास 19 वर्षे एकही सुट्टी न घेता हेच प्रवासी वाहतील. कार्डे आता रुळांवर मावत नाहीत. ती चंद्रावर जाऊन परत येतील, एकदा नव्हे, 17 वेळा!

आणि ह्माँग बोलणाऱ्याला चारच्या जोडीची फार आवड. बोलण्याला वजन यावे, नटवेपणा यावा म्हणून चार अक्षरांचे सजलेले प्रयोग ही या भाषेची खास शोभा. मग चार जोडू. रांग 6,000 कोटी किलोमीटर! सूर्य 15 कोटी किलोमीटरवर आहे. जाऊन येऊन 200 खेपा. पोस्टाचे बिल 214 लाख कोटी रुपये. 2025-26 चा केंद्रीय अर्थसंकल्प सुमारे 50 लाख कोटींचा होता. म्हणजे चार वर्षे अख्ख्या केंद्र सरकारने दुसरा एक पैसा खर्च करायचा नाही, फक्त पोस्टकार्डे घ्यायची!

पाचवे अक्षर जोडायलाही कोणाची ना नाही. पुन्हा 4,550 ने गुणा. आता किलोमीटर पुरत नाहीत, प्रकाशवर्षे घ्यावी लागतात. अभिजितचा तारा 25 प्रकाशवर्षांवर आहे, त्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला 25 वर्षे लागतात. आपली रांग भरते जवळजवळ 29 प्रकाशवर्षे. अभिजित ओलांडून चार प्रकाशवर्षे पुढे गेलो, आणि आत्ताशी पाचच अक्षरे झाली आहेत!