खुर्चीचा एक तास कितीला पडतो?

२२ सप्टेंबर २०२५ पासून टूथपेस्ट आणि ब्रशवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ही बातमी घरोघरी पोचली. त्याच फेररचनेत दंतवैद्यकीय उपकरणं, दातांत भरायचं सिमेंट आणि शस्त्रक्रियेचे रबरी हातमोजेही ५ टक्क्यांच्या टप्प्यात आले, त्याची मात्र चर्चा झाली नाही. दाताच्या दवाखान्यासाठी महत्त्वाची होती ती हीच दुसरी बातमी. उपचारांवर जीएसटी नाही, म्हणून खरेदीवर भरलेला कर डॉक्टरला कुठेही वळता करून घेता येत नाही. तो सरळ खर्चात जातो. महिन्याच्या दहा हजारांच्या मालावर पूर्वी १२ टक्क्यांनी १,२०० रुपये जात असतील, तर आता ५०० जातात. महिन्याला ७०० रुपये वाचले.

मग रूट कॅनाल स्वस्त होणार का? माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. दवाखान्याचा खरा खर्च मालात नसतोच. तो कशात असतो, हे आपल्याकडच्या बहुतेक तरुण दंतवैद्यांना कुणी शिकवलेलंच नाही.

उदाहरणासाठी सुरतच्या बमरोलीत एका खुर्चीचा दवाखाना धरू. पांडेसरा-उधन्याच्या या पट्ट्यात यंत्रमागांची खाती, म्हणजे कारखाने, आहेत आणि उधना-जळगाव रेल्वेमार्गानं येऊन वसलेली खान्देशी कुटुंबं आहेत. शेजारी ओडिया, उत्तर भारतीय आणि गुजराती वस्ती आहे. इथला खातेदार एक मीटर कापड कितीला पडतं ते झोपेतही सांगेल. दंतवैद्याचा मीटर म्हणजे खुर्चीचा तास, आणि तो कितीला पडतो हे त्याला बहुधा सांगता येत नाही.

आकडे समजुतीसाठी घेऊ. भाडं १८ हजार, असिस्टंट आणि रिसेप्शनचा पगार २२ हजार, खुर्ची व एक्स-रे मशीनच्या कर्जाचा हप्ता २० हजार, वीज ५ हजार, जैववैद्यकीय कचरा, दुरुस्ती आणि किरकोळ मिळून ७ हजार. झाले ७२ हजार. यात डॉक्टरनं स्वतःचा पगार ५० हजार धरलाच पाहिजे, तो ‘उरलं तर घेऊ’ म्हणून सोडायचा नसतो. एकूण १ लाख २२ हजार. महिन्याचे २५ दिवस, रोज आठ तास म्हणजे २०० तास. त्यातले शंभर तास खुर्ची भरलेली असेल, तर भरलेला तास १,२२० रुपयांना पडला.

रूट कॅनाल आणि कॅप मिळून तीन तास लागतात असं धरा. वेळेचे ३,६६० रुपये, माल आणि लॅबचे २,००० रुपये, एकूण ५,६६०. समोरचा दवाखाना हेच काम साडेतीन हजारांत करतो म्हणून आपणही तोच दर लावला, तर प्रत्येक दातामागे २,१६० रुपयांचा तोटा. गर्दी दिसते, गल्ल्यात रोख येते, पण वर्षाअखेर हप्ता थकतो.

आता दर न वाढवता खुर्ची १४० तास भरवली, तर तोच तास ८७१ रुपयांवर येतो आणि तेच काम सुमारे ४,६०० रुपयांना पडतं. जीएसटीच्या ७०० रुपयांनी जे झालं नसतं, ते वेळापत्रकानं झालं.

हा हिशेब ठेवला का जात नाही, याचं एक कारण करपद्धतीतच आहे. वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असेल (रोखीचा वाटा पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसल्यास ७५ लाखांपर्यंत), तर जमेचा निम्मा भाग नफा मानून डॉक्टरला कर भरता येतो. सविस्तर वह्या ठेवायची सक्ती राहत नाही. सोय मोठी आहे, पण सीएला लागत नाही म्हणून वही लिहायची नाही, ही सवय तिथूनच लागते.

आणि वेळापत्रक? तिथे तर बमरोलीचं स्वतःचं पंचांग आहे. मागावरचा कारागीर बारा तासांची पाळी करतो आणि त्याची मजुरी मीटरवर असते. दुपारी दोनची वेळ दिली तर उपचाराच्या पैशांसोबत त्याची मजुरीही जाते, म्हणून तो येत नाही. सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते आठ ही पुस्तकी वेळ इथे निम्मी वाया जाते. पाळी सुटल्यानंतरचे आणि पाळीआधीचे दोन तास इथे सोन्याचे. दुपार घरच्या बायका, शाळकरी मुलं आणि म्हाताऱ्यांसाठी ठेवावी.

वर्षाचंही तसंच आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशी लेकी माहेरी जातात, लग्नसराईत घरं कुलूपबंद होतात, श्रावणात कानबाईच्या उत्सवासाठी लोक गावी निघतात, दिवाळीनंतर लाभपंचमीपर्यंत सुरतेचा बाजार थंड असतो. अशा सुट्टीच्या तोंडावर दोन-तीन सिटिंगचं काम उघडलं, तर पेशंट तात्पुरती भरणी घेऊन गाडीत बसतो. महिन्याभरात ती झिजते, गळते, दातात पुन्हा जंतू शिरतात आणि कधी दातच काढावा लागतो. जे काम सुट्टीआधी पुरं होणार नाही ते सुरूच न करणं, किंवा शक्य असेल तिथे एकाच बैठकीत संपवणं, हा धंद्याचा नियम आहे आणि वैद्यकाचाही.

इथे मला डॉ. रफिउद्दीन अहमद आठवतात. २४ डिसेंबरला आपण राष्ट्रीय दंतवैद्य दिन पाळतो, पण त्यांची गोष्ट क्वचितच सांगितली जाते. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून त्यांनी १९१५ मध्ये दंतवैद्यकाची पदवी घेतली आणि परतल्यावर १९२० मध्ये कोलकात्यात देशातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं. त्यासाठी पैसा कुठून आणला? ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाचं दुकान चालवून. पुढे १९४९ मध्ये ते महाविद्यालय त्यांनी सरकारला देऊन टाकलं, १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. या माणसाला पैशाचं काम हलकं वाटलं नाही. संस्था उभी करायची तर पैसा लागतो, तो कुठून येणार हे आधी ठरवावं लागतं, आणि ते ठरलं की पेशंटच्या तोंडात पैसा शोधावा लागत नाही. दंतवैद्याच्या धंद्याबद्दल याहून मोलाचा धडा मला माहीत नाही.

कारण हिशेब नसण्याची किंमत शेवटी पेशंट मोजतो. हप्त्याची तारीख जवळ आली की भरणीनं भागणाऱ्या दाताला रूट कॅनाल सुचवण्याचा मोह होतो. पेशंट पाठवणाऱ्याला कट देण्याचा मार्ग दिसतो. भारतीय दंत परिषदेच्या २०१४ च्या आचारसंहितेनं कमिशन निषिद्ध ठरवलं आहे आणि जाहिरातीवरही बंधनं घातली आहेत. ती पाळायचं बळ सद्भावनेइतकंच ताळेबंदातून येतं. आपला तास कितीला पडतो हे ठाऊक असलेला डॉक्टर ‘हा दात काढायची गरज नाही’ असं शांतपणे सांगू शकतो.

आणि ज्याला तास कळतो त्याला फुकट काय द्यायचं हेही ठरवता येतं. गुटख्यावर गुजरात आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत २०१२ पासून बंदी आहे, तरी तंबाखू-सुपारीनं आखडलेले जबडे कामगार वस्तीत दिसतातच. मशेरी लावणाऱ्या आजीच्या हिरडीमागचा पांढरा डाग कॅन्सरपूर्व असू शकतो. प्रत्येक पेशंटचं तोंड किती उघडतं, गालाच्या आतून चट्टा आहे का, हे पाहायला दोन मिनिटं लागतात. महिन्याला दीडशे पेशंट धरले तर पाच तास. वरच्या हिशेबात हे पाच तास उघडपणे मांडा, त्यांचा खर्च बाकीच्या तासांवर वाटा, आणि तपासणी कधीही चुकवू नका.

हे शिकवायचं कुठे? बीडीएसच्या पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्रीमध्ये जागेची निवड, उपकरणं, नोंदी, हिशेब हे मुद्दे आहेत, पण ते परीक्षेपुरते पाठ होतात. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोग आणण्याचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. नव्या आयोगानं एवढं करावं: इंटर्नशिपच्या वर्षात प्रत्येक विद्यार्थ्याला काही आठवडे लहान दवाखान्यात बसवावं, आणि तिथल्या एका महिन्याचा भाडं, पगार, माल, लॅब, रिकामे तास असा पूर्ण हिशेब त्याच्याकडून लिहून घ्यावा. धुळ्याच्या दंत महाविद्यालयातून बाहेर पडणारा मुलगा उद्या बमरोलीत पाटी लावणार असेल, तर त्याला पाळीची वेळ आणि आखाजीची तारीख माहीत असली पाहिजे.

तोवर दवाखाना चालवणाऱ्यांनी वाट पाहू नये. या महिन्यापासून एका वहीत रोज दोनच गोष्टी लिहा: खुर्ची किती तास भरली आणि दिवसाचा खर्च किती झाला. तीन महिन्यांनी दर ठरवा आणि दरपत्रक मराठी, गुजराती, हिंदी आणि ओडियात भिंतीवर लावा. पेशंटला आधी आकडा कळला की तो उपचार अर्धवट सोडत नाही, आणि डॉक्टरला स्वतःचा आकडा कळला की त्याला पेशंटला फसवावं लागत नाही.