घर क्रमांक १८९० : चित्रकार आणि कवी

चित्रप्रदर्शनाच्या पुस्तिकेस प्रस्तावना लिहिणारा साहित्यिक नेमके काय करीत असतो, हा प्रश्न भाषा शिकविणाऱ्यांनी एकदा तरी स्वतःस विचारावयास हवा. चित्राचा अर्थ सांगणे हे त्याचे काम, असा सर्वसाधारण समज आहे. 'ग्रुप १८९०' या मंडळाची हकिगत पाहिली म्हणजे तो समज डळमळू लागतो.

ऑगस्ट १९६२ मध्ये भावनगर येथे एका स्नेह्याच्या घरी काही तरुण चित्रकार व शिल्पकार जमले. मंडळाच्या नावास कोणत्याही पंथाचा वास नको, म्हणून त्यांनी त्या घराचा क्रमांकच नाव म्हणून घेतला. बारा सभासदांत जगदीश स्वामिनाथन, गुलाममोहम्मद शेख, ज्योति भट्ट, जेराम पटेल, हिम्मत शाह, राघव कनेरिया आणि अकोल्यास जन्मलेले अंबादास होते. यांपैकी कित्येकांचा संबंध बडोद्याच्या विद्यापीठातील ललितकला विभागाशी होता. राजा रविवर्म्याची वास्तवशैली, बंगाल संप्रदायाचा आदर्शवाद आणि युरोपीय चळवळींची उसनवारी ही तिन्ही आपल्या जाहीरनाम्यात त्यांनी नाकारली. रविवर्म्याची चित्रे बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात आहेत. त्याच गावी घडलेल्या तरुणांनी त्यांच्याकडे पाठ फिरवावी, याची मला नेहमी मौज वाटते.

ऑक्टोबर १९६३ मध्ये दिल्लीच्या रवींद्र भवनात त्यांचे प्रदर्शन भरले. उद्घाटन पंडित नेहरूंनी केले. पुस्तिकेची प्रस्तावना ऑक्टाव्हिओ पाझ यांची. ते तेव्हा मेक्सिकोचे भारतातील राजदूत होते. नोबेल पारितोषिक मिळण्यास अद्याप सत्तावीस वर्षे होती. पुढे स्वामिनाथनांस उद्देशून त्यांनी एक कविताही लिहिली. ती कोणत्याही एका चित्राचे स्पष्टीकरण नव्हे. चित्र काढण्याच्या क्रियेकडेच तिचे लक्ष आहे.

मंडळाचे ते पहिले आणि शेवटचेच प्रदर्शन ठरले. पण शब्द आणि चित्र यांचा शेजार मोडला नाही. शेख स्वतः गुजरातीतील कवी. त्यांचा 'अथवा' हा संग्रह १९७४ मध्ये निघाला. त्यांनी व भूपेन खख्खर यांनी १९६९ ते १९७३ या काळात बडोद्याहून 'वृश्चिक' हे नियतकालिक चालविले. त्यात चित्रकारांची लिनोवरील छापचित्रे येत आणि कविताही येत. आपल्या संतांच्या रचनांची अरुण कोलटकरांनी केलेली इंग्रजी भाषांतरे १९७० मध्ये तेथेच छापली गेली. कोलटकर हेही चित्रकलेचे विद्यार्थी, हे येथे विसरून चालणार नाही.

आता थोडे आमच्याविषयी. 'चित्रवर्णन' शिकविताना 'समोर एक रम्य दृश्य दिसत आहे' हे पहिले वाक्य मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून देत आलो. मुले ते उतरवून घेत आणि मग चित्राकडे पाहत; काही तर पाहतही नसत. जेराम पटेल प्लायवूड ज्वाळेने जाळून त्याच्या काळ्या खाचांतून आकृती घडवीत. अशा एका कृतीचे छायाचित्र गेल्या वर्षी नववीच्या वर्गात दाखविले. 'सर, हे काय आहे?' या प्रश्नावर माझे उत्तर तयार होते. मी ते दिले नाही, आणि फळाही कोरा ठेवला. बराच वेळ कुणी लिहीना. अखेर मागच्या बाकावरील एका मुलीने वही पुढे केली. तीत एवढेच होते : 'लाकडाला भाजले आहे. अजून दुखत असेल.'